हेडरला मारलेला हीटप्रूफ रंग टिकवायचा असेल तर

माझ्या जिप्सीला चार-दोन-एक हेडर आहे, म्हणजे इंजिनातून जळका गॅस बाहेर नेणारे चार पाइप आधी दोन आणि मग एक होतात तो एक्झॉस्टचा भाग, माइल्ड स्टीलचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतलेला. त्याला घरीच काळा हीटप्रूफ स्प्रे मारला होता, एकच डबा, एकच दुपार आणि मारणारा पण एकच म्हणजे मी. गगनबावड्याकडचा एक पावसाळा झाला आणि गाडीखाली घुसून बघितलं तर बाहेरच्या दोन पाइपांचा रंग जवळपास जसाच्या तसा, आणि आतल्या दोन पाइपांचे, तेही जिथे ते एकमेकांकडे तोंड करून आहेत तेवढ्याच पट्ट्यात, नखाने निघतील असे पोपडे. आता रंगच भंगार असता तर सगळीकडचा गेला असता ना. आठवून बघितलं तर कारण सरळ होतं, ग्राइंडरचा वायर कप त्या फटीत जातच नव्हता, मी म्हटलं जाऊ दे आत कोण बघतंय, आणि वरून रंग उडवून दिला. आतले पाइप एकमेकांना तापवतात म्हणून तिथे उष्णता थोडी जास्त असते हे मान्य, पण पोर्टला, म्हणजे इंजिनातून गॅस बाहेर पडतो त्या तोंडाला, लागून जिथे चारही पाइप सगळ्यात जास्त तापतात तिथे घासलेल्या भागावरचा रंग शाबूत होता.

तेव्हापासून कोणी विचारलं की कुठल्या कंपनीचा डबा घेऊ, तर मी आधी विचारतो की घासणार कशाने आहेस.

तरी डब्यापासूनच सुरुवात करू कारण तिथेच पहिली फसगत होते. बऱ्याच डब्यांवर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो, पण ते फॅरनहाइट असतं भाऊ, सेल्सिअसमध्ये ६५० च्या आसपास. २००० वाला म्हणजे १०९३. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा 'अधूनमधून एवढं सोसेल' असा असतो, तासन् तास तेवढ्यावर ठेवायचा नसतो, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते मोबाइलची टॉर्च मारून वाचा. आपल्याला किती लागतं ते बघा. पेट्रोल इंजिनवर लोड असताना पोर्टमधून येणारा गॅस ६०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. पाइपाचा बाहेरचा पत्रा त्यापेक्षा बराच कमी तापतो कारण बाहेरून वारा लागत असतो, पण लोड घेऊन घाट चढताना पोर्टजवळची वीतभर लांबी चांगलीच भाजून निघते. फुकटचा थर्मामीटर सांगतो, रात्री अंधारात गाडी थांबवून बॉनेट उघडा, पाइप मंद लाल दिसत असेल तर पत्रा साधारण ५२५ च्या वर आहे. तेवढा लाल दिसत असेल तर ६५० वाल्या डब्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

बाजारात ती तापमान बघायची लेझरची बंदूक मिळते ती पण चालते, फक्त चकचकीत धातूवर ती खूप कमी आकडा दाखवते आणि आपण निर्धास्त होतो. काळ्या रंगावर मारली तर बऱ्यापैकी खरं सांगते.

आता हा रंग असतो काय ते कळलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं म्हणून दोन मिनिटं देतो. साध्या ऑइल पेंटमध्ये रंगाची पूड धरून ठेवणारं जे चिकट असतं ते दोन-अडीचशे अंशांच्या पुढे जळून जातं, मग पूड कोण धरणार, ती गळते. हीटप्रूफ रंगात त्या जागी सिलिकॉन रेझिन असतं. ते तापलं की त्यातला जळणारा भाग धूर होऊन निघून जातो आणि मागे काचेसारखी जाळी उरते जी पूड पत्र्याला घट्ट धरून बसते. म्हणजे स्प्रे मारून वाळलेला रंग हा कच्च्या मडक्यासारखा आहे, दिसायला मडकंच, पण भाजल्याशिवाय त्यात पाणी भरून बघा काय होतं. वाळलेल्या पण न तापवलेल्या हेडरवर पेट्रोलचे चार थेंब पडले तरी रंग पुसला जातो. आणि काचेसारखं म्हटलं म्हणजे ठिसूळपण पण आलं, थर जाड झाला की तडकणारच.

काळा की सिल्व्हर? दिसायला मला पण काळाच आवडतो, पण टिकायला सिल्व्हर पुढे आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, ते कौलांसारखे एकावर एक बसतात आणि ओल पत्र्यापर्यंत पोचायला अडथळा होतो. काळा काही महिन्यांनी पोर्टजवळ राखाडी पडतो, मॅट करडा म्हणा, तो रंग गेला असं नाही, फक्त विटला. लाल निळे मारणाऱ्यांना माझा नमस्कार, शोच्या गाडीला ठीक आहे. एक मात्र जपा, हार्डवेअरच्या दुकानात गेटला ग्रिलला मारायचा सिल्व्हर पेंट मिळतो तो हा नव्हे. दिसतो सेम, वास पण तसाच, आणि पहिल्या घाटात जळून जातो. ब्रशने मारायचा डबा घ्यायचा असेल तर हीट रेझिस्टंट अ‍ॅल्युमिनियम पेंट असं मागा आणि किती डिग्रीचा ते विचारा, आयएस १३१८३ या मानकात त्याचे २००, ४०० आणि ६०० अंशांचे वेगवेगळे ग्रेड आहेत, आपल्याला ६०० वालाच पाहिजे. २०० वाला बॉयलरच्या कुठल्यातरी गार कोपऱ्यासाठी असतो, दुकानदाराकडे तोच पडून असेल तर तोच गळ्यात मारेल.

रंगाला हात लावायच्या आधी इंजिन बघा. हे कोणी करत नाही. मिक्स्चर लीन चाललंय (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय, तर एक्झॉस्ट गरजेपेक्षा जास्त तापतो, आणि मग कुठलाही रंग मारा, महिन्यात राख. सीएनजी किट बसवून टायमिंग जुळवलेलं नसेल तर तेच. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांना इनटेकच्या पॅकिंगमधून हवा ओढली जात असली तरी तेच. एखाद्याच पाइपाचा रंग सारखा जातोय आणि बाकीच्यांचा नाही असं असेल तर तो सिलिंडर तुम्हाला काहीतरी सांगतोय, त्याचा प्लग काढून बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून ऑइल हेडरवर थेंब थेंब पडत असेल तर तेही आधी करून घ्या, नाहीतर नवीन रंगावर पहिल्याच दिवशी ऑइलचा डाग भाजला जाईल आणि गाडीत भज्यांच्या गाड्यासारखा वास येत राहील. फ्लँजमधून, म्हणजे हेडर इंजिनला जोडणाऱ्या जाड पट्टीच्या सांध्यातून, गॅस लीक असेल तर काजळीचा काळा फराटा दिसतो, त्या जागी गरम गॅसचा झोत रंग कापत जातो, पॅकिंग बदला, फ्लँज वाकडी असेल तर फेस मारून, म्हणजे सपाट करून घ्या.

हेडर गाडीवर ठेवून रंग मारायचा नाही. माहितीये, स्टड, म्हणजे हेडरचे नट ज्यावर बसतात ते इंजिनातले बोल्ट, तुटायची भीती असते, मला पण होती आणि एक तुटला पण. आदल्या दिवशी संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, आणि इंजिन थोडं कोमट असताना पाना लावा, अर्धा आटा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा, असं डुलवत डुलवत काढा. पान्याला लांब पाइप लावून झटका दिलात तर स्टड हातात येईल. काढल्यावर ओटू (ऑक्सिजन) सेन्सर असेल तर तोही काढून बाजूला ठेवा, सिलिकॉन त्याला बाधतं आणि नवीन सेन्सर स्वस्त नाही.

आता घासणं. इथेच दिवस घालवायचाय, रंग मारायला तर अर्धा तास पण लागत नाही.

नवीन हेडर असेल तर त्याच्यावर कारखान्यातलं तेल असतं आणि पाइपाची मूळ निळसर काळी पापडी असते, ती गुळगुळीत आणि घट्ट वाटते म्हणून लोक तशीच ठेवतात. ती काढायची. जुना असेल तर गंज आणि उष्णतेने आलेले खपले असतात. लोखंड साधारण ५७० अंशांच्या वर गेलं की हा खपला फार झपाट्याने जाड व्हायला लागतो, आणि तापला निवला की त्याची आणि खालच्या पत्र्याची हालचाल जुळत नाही म्हणून तो सुटतो, आणि तुम्ही रंग त्या खपल्यावर मारलेला असेल तर रंग पण त्याच्याबरोबर जाणार, रंगाने आपलं काम नीटच केलेलं असतं बिचाऱ्याने.

सगळ्यात उत्तम सँडब्लास्टिंग. उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीत ब्लास्टिंगवाला सापडतो, फाउंड्रीच्या कामाच्या मध्ये एक हेडर टाकून घेतो, फक्त त्याला सांगायचं की पत्रा पातळ आहे, प्रेशर कमी ठेव. द्यायच्या आधी पाइपांची सगळी तोंडं लाकडी बूच किंवा कापडाचा बोळा घालून वर टेप मारून बंद करा, परत आणल्यावर कॉम्प्रेसरने आतून फुंकून घ्या, उलटा करून आपटा, परत फुंका. आतली वाळू पुढे कॅटमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, गेली तर महागात पडेल आणि टर्बो असेल तर बोलायलाच नको. ब्लास्टिंगने पत्र्याला जो बारीक खरखरीतपणा येतो तोच रंगाला पकड देतो, आणि माझ्या त्या आतल्या फटीचा प्रश्न पण तिथल्या तिथे सुटतो.

ब्लास्टिंग शक्य नसेल तर वायर कप, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. त्याच्यापुढे जाऊन गुळगुळीत करायचं नाही, चकाकी आली म्हणजे पकड गेली. फटीत पॉलिश पेपरची लांब पट्टी कापून ती पाइपामागून घालून दोन्ही टोकं धरून बूट पॉलिशवाल्यासारखी पुढेमागे ओढायची. हात दुखतात, पण दुसरा उपाय नाही. वेल्डिंगचे सांधे नीट बघा, वेल्डिंगच्या उडालेल्या गोळ्या आणि स्लॅग छिन्नीने उडवा. माझ्या अनुभवात पोर्टनंतर रंग सुटायची दुसरी जागा म्हणजे वेल्डच्या कडा.

गंज काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड वापरा असं कोणी सांगेल. नका. त्याचं क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांत बसून राहतं, कितीही धुतलं तरी, आणि दोन दिवसांत रंगाखालून तांबूस डोकावतं. गंजाला काळं करणारं ते रस्ट कन्व्हर्टर नावाचं द्रावण पण इथे नको, चेसिसला ठीक आहे, पण त्याचा थर हेडरच्या तापमानात टिकत नाही आणि आपला रंग त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. रेड ऑक्साइड प्रायमरचं पण तेच, इपॉक्सी प्रायमरचं पण तेच, पुटीचं तर नावच काढू नका. झिंकवाला प्रायमर लोक हौसेने मारतात, गंजाला चांगला असतो म्हणून, पण जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं, मग त्यावर उभ्या केलेल्या रंगाचं काय होणार. त्याच कंपनीचा हीटप्रूफ प्रायमर मिळाला तर मारा, नाहीतर रंग सरळ उघड्या पत्र्यावर. त्याला तेच आवडतं.

घासून झाल्यावर हातात नायट्रिलचे हातमोजे घाला आणि मग ते काढायचेच नाहीत. घाम आणि तेलकट बोटांचे ठसे भाजल्यावर फोटो काढल्यासारखे उठून दिसतात, माझ्या एका पाइपावर अंगठा आहे अजून. स्वच्छ पांढऱ्या फडक्याने अ‍ॅसिटोन लावून पुसा, फडकं काळं झालं की बदला, पांढरं निघेपर्यंत. टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल हे सगळं तेलकट थर मागे ठेवतं म्हणून नको. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर क्लोरीन नसलेलाच घ्या, क्लोरीनवाला गरम धातूवर विषारी वायू करतो. आणि काहीही वापरलं तरी ते पूर्ण उडून गेल्याशिवाय आग, ग्राइंडर, सिगारेट जवळ नको.

ओतीव मॅनिफोल्ड असेल तर एक पायरी जास्त. बिडाच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं, वरून पुसून ते निघत नाही, रंग मारून तापवला की ते उकळून वर येतं आणि फुगे धरतं. म्हणून पुसल्यावर ब्लोलॅम्पने सावकाश सगळीकडून तापवा, धूर यायचा थांबला की थंड होऊ द्या, परत पुसा. एका जागी ज्योत धरू नका, बीड तडकतं. बाकी बिडाचा खरखरीतपणा रंगाला फार मानवतो, बरेचदा पाइपाच्या हेडरपेक्षा त्याच्यावर जास्त टिकतो. स्टेनलेसचा हेडर असेल तर मारूच नका, रंग नीट धरत नाही आणि तापल्यावर सोनेरी निळी जी झाक येते ती रंगापेक्षा भारी दिसते. क्रोमवर पण नको.

पावसाळ्यात हे काम करायचं तर घासलेला पत्रा तासाभरात पिवळसर पडायला लागतो, कोकणात तर त्याच्याही आधी. म्हणून घासणं आणि रंग एकाच दिवशी, मध्ये जेवायला जाऊ नका. त्यातल्या त्यात कोरडा दिवस बघा, पत्रा हेअर ड्रायरने किंवा हीट गनने हाताला कोमट लागेपर्यंत तापवून घ्या म्हणजे त्याच्यावर दव धरत नाही. कडक उन्हात तापलेल्या पाइपावर मात्र मारायचा नाही, रंग पोचायच्या आधीच सुकतो आणि पावडरसारखा बसतो, बोट फिरवलं की हातावर येतो.

फ्लँजचा पॅकिंग बसतो तो चेहरा, सेन्सरचे आटे आणि नट जिथे टेकतात त्या जागा टेपने झाका. नटाखाली रंग राहिला की तापून तो बसतो, नट ढिला होतो आणि महिन्याभरात फट फट आवाज सुरू. बाकी हेडर तारेने फ्लँजच्या भोकातून टांगा, म्हणजे चारी बाजूंनी फिरता येतं.

डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं नीट हलवा, कंटाळा करू नका, जड पूड तळाशी बसलेली असते. २५-३० सेंटीमीटर लांबून, हात सतत चालता ठेवून. आधी फटी, वळणांच्या आतल्या बाजू, सांधे, आणि शेवटी बाहेरच्या सोप्या बाजू. लोक उलटं करतात, समोरचं छान दिसलं की आत परत मारतात आणि समोर नकळत चार थर चढतात. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा पत्रा दिसला पाहिजे. दहा मिनिटांनी दुसरा. तिसरा अगदी हलका, जिथे पत्रा दिसतोय तिथेच. बास. सगळं मिळून ४०-५० मायक्रॉनच्या आत ठेवायचं, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. अर्धा डबा उरला म्हणून संपवून टाकू असा विचार आला की डबा कपाटात ठेवा. अर्ध्या मीटरचा पाइप थंडाचा ५०० अंशांनी तापला की साधारण तीन मिलिमीटरने लांबतो, स्टेनलेस असेल तर चारच्या वर, आणि त्याच्यावरच्या थराला दर वेळी तेवढं ताणायचं असतं. पातळ थर ताणला जातो. जाड थराला आधी भेगा पडतात आणि मग खपल्या.

रात्रभर टांगून ठेवा. बसवताना पाना घसरून ओरखडे येणारच कारण रंग अजून कच्चा आहे, म्हणून एक माणूस मदतीला घ्या, हेडरला जुन्या चादरीत गुंडाळून आत सरकवा. नवीन पॅकिंग, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट), आणि भाजायच्या आधी हातमोजे घालून, अ‍ॅसिटोनच्या ओल्या फडक्याने नाही, कोरड्या फडक्याने धूळ पुसा.

भाजणं म्हणजे टप्प्याटप्प्याने तापवणं. पद्धत अशी की १२० अंशांवर अर्धा तास, मग अर्धा तास थंड, मग २०० वर अर्धा तास, परत थंड, मग ३१५ च्या आसपास अर्धा तास. भट्टीत होत असेल तर सोन्याहून पिवळं. पावडर कोटिंगवाल्याची भट्टी १८०-२०० ची असते, पहिले दोन टप्पे तिथे होतील असं वाटून मी विचारायला गेलो, त्याने हात जोडले, आणि त्याचं बरोबर होतं, सिलिकॉनची वाफ भट्टीत राहिली की त्याच्या पुढच्या मालाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. घरच्या ओव्हनचा विचार करू नका, त्यात परत केक करायचाय ना.

म्हणून गाडीवरच. दहा मिनिटं आयडल, बंद करून वीस मिनिटं थंड, परत वीस मिनिटं आयडल, वीस मिनिटं थंड, मग तिसऱ्यांदा अर्धा तास. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा. आयडलवर पाइप शेवटच्या टप्प्याइतका तापला नाही असं वाटत असेल तर तिसऱ्या वेळी हलक्या पायाने सपाट रस्त्यावर फेरी मारा, रेस न करता. धूर येणार. पांढरा, डोळ्यात जाणारा, पंधरावीस मिनिटं. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये केलं तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका पाण्याची बादली घेऊनच खाली आले. त्यांनी ती ओतली असती तर रंग पण गेला असता आणि हेडर पण वाकला असता. उघड्यावर करा, वाऱ्याच्या दिशेने उभे राहू नका, अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. पहिल्या दिवशी घाट, ओव्हरटेक, सगळं बंद, कच्च्या थराखाली वाफ अडकून टिकल्या टिकल्यांचे फुगे येतात ते याच घाईमुळे.

भाजला गेला का ते बघायला पूर्ण थंड झाल्यावर मागच्या बाजूला कुठेतरी पेट्रोलचं फडकं घासा. फडक्यावर रंग आला तर अजून कच्चा आहे, आणखी एक फेरी तापवा. नाही आला तर झालं.

किती टिकेल? माझा अनुभव सांगतो, रोजच्या गाडीला नीट केलेलं काम दीड-दोन वर्षं, पोर्टजवळची पहिली वीतभर जागा त्याच्या बरीच आधी विरायला लागते, आणि चारही पाइप एक होतात त्या जोडाच्या पुढच्या पाइपाचा रंग त्याहून जास्त टिकतो. नुसती वरून पुसून मारलेली कामं मी पंधरा दिवसांत उतरलेली बघितली आहेत. करूळ घाटातून मालवणला जाऊन वाळूत गाडी घालणाऱ्यांनी आल्यावर खाली साध्या पाण्याने मीठ धुवायचं, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावर. प्रेशर वॉशरची पिचकारी जिथे कड सुटलीये तिथे मारली की तळहाताएवढा पोपडा एका झटक्यात जातो. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं असेल तर परत लावा, डबक्यातलं पाणी लालबुंद पाइपावर उडणं ही रंगाला सगळ्यात मोठी शिक्षा.

आणि आतून लागणारा गंज रंगाने थांबत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफ होऊन बाहेर जातं, पण दोन किलोमीटरवर भाजी आणायला गाडी नेली तर पाइप आणि सायलेन्सर तापतच नाहीत आणि ते पाणी आतच राहतं. वरून झकास दिसणारा पाइप आतून चाळण झालेला मी बघितलाय.

हेडरला पट्टी गुंडाळतात ना, फायबरची, ती रंगाच्या जागी नाही. तिने आतली उष्णता कोंडून पत्रा आणखी तापतो आणि पावसात ती भिजून ओलीच राहते, माइल्ड स्टीलला पावसाळी भागात मी तरी गुंडाळणार नाही. पावडर कोटिंगवाला चालतंय की म्हणाला तर नाही म्हणा, ती पावडरच २०० ला वितळवून बसवतात, हेडरवर जळून कोळसा होईल. सिरॅमिक कोटिंग हा खरा वरचा पर्याय आहे, सेराकोटच्या सी-सिरीजसारखे प्रकार ९८० अंशांपर्यंत चालतात, पण डिटेलिंग सेंटरवर बोर्ड असतो ते सिरॅमिक कोटिंग बॉडीच्या रंगावरच्या चकाकीचं असतं, त्याचा हेडरशी काही संबंध नाही. एकाने खरंच तिथे हेडर घेऊन जाऊन विचारलं होतं. नाव सांगत नाही, मित्र आहे.

बाइकच्या बेंड पाइपला सगळं हेच, फक्त पुढच्या चाकाचा चिखल सरळ त्याच्यावर येतो म्हणून समोरची आणि खालची बाजू आधी जाते. मडफ्लॅप लांब लावला तर फरक पडतो. बुटाचा सोल चिकटून जळला असेल तर तो गरम असताना खरवडू नका, थंड झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने.

पोर्टजवळ रंग विरला की पूर्ण हेडर परत काढायची गरज नसते. दर दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपला की, मी कव्हर काढून बघतो, सुटलेली कड ब्लेडने जिथपर्यंत सहज निघते तिथपर्यंत काढतो, १२० च्या पेपरने कड उतरती करतो, अ‍ॅसिटोन, एक हलका हात, अर्ध्या तासाने दुसरा, आणि परत ती दहा-वीस-तीस मिनिटांची तापवणी. आजूबाजूला वर्तमानपत्र लावा, वायरिंग आणि रबरी होजवर रंग नको, आणि ते वर्तमानपत्र इंजिन चालू करायच्या आधी काढायचं लक्षात ठेवा.